घळसाहेबांचं गाऱ्हाणं

क्लफसाहेबांना सपाट जमीन सोसत नसे, आणि नशिबी आलं बहरीन. मी त्यांचा ड्रायव्हर. जनाबियाच्या रस्त्याला जरासा उतार लागला की तो लवकर सरू नये म्हणून म्हणायचे, "हळू, दत्ता, हळू." उतार कसला डोंबलाचा? आमच्या कोकणात त्याला कुणी उतार म्हटलं तर लोक हसतील.

नावाचा अर्थ त्यांनीच सांगितला. इंग्लंडच्या उत्तरेला, त्यांच्या मुलखात, ओढ्याच्या अरुंद घळीला क्लफ म्हणतात. लंडनवाल्यांनाही तो शब्द ठाऊक नाही म्हणे. मी म्हटलं, आमच्याकडेही गावाला 'कर' लावला की झालं आडनाव. तेव्हापासून आम्ही मराठी ड्रायव्हर त्यांना घळसाहेब म्हणू लागलो. ते रागावले नाहीत, उलट तो 'ळ' घोटत बसले. शेवटपर्यंत काही जमला नाही.

ऐंशीनंतर आमच्या गावावर धरण आलं. पावसाळ्यात पाणी चढणार, म्हणजे देवीची पालखी आमच्या अंगणात यायची ती त्या शिमग्याला शेवटचीच. अदलियातल्या आमच्या कंपनीच्या ऑफिसनं सुट्टी नाकारली. काम घाईचं आहे, पुढच्या शिमग्याला जा, म्हणाले. अरे, पुढच्या शिमग्याला गाव नको का?

गाडीत साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "माझी घळही धरणात गेली. आई बोलवत होती, एकदा बघून जा. मी म्हटलं, हातातलं काम संपू दे." मग म्हणाले, "यल्ला, चल, तू जा. गाडी मी चालवीन." ऑफिसशी भांडून त्यांनी माझी सुट्टी आणली.

पालखी अंगणात बसली. गुरव गाऱ्हाणं घालू लागला. परमुलखात असलेल्यांची नावं देवीच्या कानी घालायची असतात. मी साहेबांचंही नाव सांगितलं.

"गाव कुठला सांगू?" गुरवानं विचारलं.

"बुडालेला सांग."

त्यानं देवीकडे तोंड केलं. मग म्हणाला, "आई, क्लफ म्हणून तुजं एक लेकरू दर्यापार हाय. त्याचा गाव पान्याखाली गेलाय. त्याला पदराखाली घे."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

परत आल्यावर गाडीत साहेबांना हे सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "सगळे म्हणाले?"

"अख्खा गाव म्हणाला, साहेब."

त्यांनी चष्मा काढला आणि घरी पोचेपर्यंत तो पुसत राहिले.

पुढे ते मायदेशी गेले, आणि काही वर्षांनी वारल्याची बातमी आली. फार वाईट वाटलं. आता आमचं नवं गाव माळावर आहे, सगळं सपाट. दर शिमग्याला गुरव अजून त्यांचं नाव घेतो, लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. खरं तर गाऱ्हाण्यात जित्या माणसांचीच नावं घेतात. मी गुरवाला अजून काही सांगितलेलं नाही.