स्प्रिंग का दमली, हे विचारणारे जनूभाऊ

श्री. जनार्दन नाखवा यांना आम्ही सारे जनूभाऊ म्हणतो. त्यांची आणि माझी पहिली भेट झाली ती भांडणाने, आणि भांडत होते एकटी मी. निरोप सकाळी आठचा होता, भाऊ आले साडेदहाला. आल्यावर मशीन उघडायचे सोडून त्यांनी स्टूल मागितले, चहा घेतला आणि आमचे काम बघत बसून राहिले.

"मशीन बघायला आलात की आम्हाला?" मी फटकारले.

"दोनी, वयनी," भाऊ शांतपणे म्हणाले. "मशीन एकटं बिगडत नाय."

अमृतमहोत्सवी ग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळते. पण भाऊंविषयी गुळमुळीत लिहिले तर पहिले तेच हसतील.

भाऊ उरणच्या कोळीवाड्यातले. तरुणपणी त्यांनी बोटींची इंजिने दुरुस्त केली आणि पुढे पनवेलला येऊन लाकूडकामाची यंत्रे हाती घेतली. आमचा फर्निचरचा छोटा कारखाना पनवेलमध्येच. त्या वर्षी आमच्या यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी कामोठ्यात गणिताच्या शिकवण्या घेणारी बाई, आणि माझ्या हातात एकदम कारखान्याच्या किल्ल्या आल्या. पाच महिने कसेबसे रेटले. मग पट्टीकरवत रुसली. धाकटे दीर म्हणत होते, "वहिनी, हा तुमचा प्रांत नाही. गिऱ्हाईक तयार आहे, विकून मोकळ्या व्हा." ही करवत धड झाली नाही तर त्यांना हो म्हणायचे, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

पट्टीकरवतीत पात्याचा लांब पट्टा वरच्या आणि खालच्या चाकावरून फिरतो. वरचे चाक एका जाड स्प्रिंगवर टेकलेले असते. हातचाक आवळले की स्प्रिंग दबते, वरचे चाक उचलले जाते आणि पाते ताणून बसते. आमचे पाते कितीही आवळा, ढिलेच. सरळ फळी कापायला घ्यावी तर काप नागमोडी जाई. आमच्या बाळू मिस्त्रींनी त्यावर नामी उपाय काढला होता. त्यांनी जुनी स्प्रिंग काढून स्कूटरच्या शॉकअपची घातली. ती इतकी कडक, की त्या आठवड्यात दोन पाती जोडावर तटकन तुटली. दुसऱ्या वेळी तुकडा बाळूंच्या कानाजवळून गेला, तेव्हा कुठे भाऊंना निरोप गेला.

भाऊंनी आमची जुनी स्प्रिंग भंगाराच्या डब्यातून शोधून काढली, लादीवर उभी केली आणि वाकून बराच वेळ बघत राहिले. स्प्रिंग एका अंगाला कलली होती. भाऊंनी वेढे मोजले, तळोज्याच्या एका कारागिराकडून तशीच नवी वळवून आणली आणि बसवली. मशीन चालले. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडायला गेले तर भाऊ दारात उभे. कोणी बोलावले नव्हते. "चूक झाली," ते म्हणाले. "तारंची जाडी मी नखानं मापली. घरी जुन्या स्प्रिंगला माप लावून बगितलं, फरक हाय. ही टिकनार नाय." त्यांनी स्वतः बसवलेली स्प्रिंग काढली आणि दोन दिवसांनी योग्य मापाची घातली. मशीन चालत असताना आपली चूक सांगायला आलेला कारागीर मी त्याआधी पाहिला नव्हता. पुढेही फारसा पाहिला नाही.

इथे दुसरा कोणी असता तर हात पुसून निघून गेला असता. भाऊ पुन्हा स्टुलावर बसले. जुनी स्प्रिंग हातात फिरवत म्हणाले, "पन ही दमली का? एवढ्यात दमायची नाय. संध्याकाळी पातं सैल कोन करतो?"

"सैल? कोणीच नाही. कुलूप लावून घरी जातो."

"म्हंजे रातभर दाबलेली ऱ्हाते. म्हनून दमली. आदी कुलूप कोन लावायचा?"

"हे."

भाऊ उठले. "चला, त्याना विचारू."

"भाऊ, त्यांना बोलता येत नाही हो."

"बोला म्हनून कुठं सांगतोय मी? विचारायचं हाय."

आता एक सांगायला हवे. झटक्यानंतर रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास हे बेचैन होत आणि डावा हात हवेत गोल गोल फिरवत. आम्ही पंखा कमी केला, रेडिओ लावला, खिडकी उघडली. हात थांबेना. दीर म्हणाले, डोक्यावर परिणाम झालाय. भाऊंना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांनी घरात आल्या आल्या ती दमलेली स्प्रिंग यांच्या मांडीवर ठेवली आणि नुसते विचारले, "शेठ, सांजचं पातं सैल तुमीच करायचे ना?"

यांचा डावा हात उचलला गेला आणि हातचाक सैल करावे तसा उलटा फिरू लागला.

"किती फेरे? दोन? तीन?"

तीनला यांनी भाऊंचे मनगट घट्ट धरले आणि ढसाढसा रडायला लागले. मीही रडले. पाच महिने हे मला एकच गोष्ट सांगत होते आणि मी पंखा कमी-जास्त करत बसले होते. भाऊ मात्र हरखून गेले होते. "बगा, याना समदं म्हाईत हाय," एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मी त्याच संध्याकाळी दिरांना सांगितले, गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवा. दुसऱ्या दिवसापासून यांना खुर्चीत बसवून कारखान्यात नेऊ लागले. वस्तू समोर ठेवायची, साधा प्रश्न विचारायचा आणि उत्तराला वेळ द्यायचा, ही भाऊंची रीत मी उचलली. बाळू मिस्त्रीही लाकूड निवडताना दोन फळ्या यांच्यापुढे धरू लागले. कारखाना आज अकरा माणसांचा आहे. लोक म्हणतात, बाईंनी चालवला. खरे म्हणजे मालक चालवतात, आम्ही विचारतो.

जनूभाऊ, तुम्हाला पंचाहत्तर पुरी झाली. तुमचे गुडघे आणि नजर शाबूत राहोत, झोप शांत लागो आणि आमच्या दारी येऊन स्टूल मागण्याचा तुमचा हक्क पुढची पंचवीस वर्षे अबाधित राहो, अशी आम्हा दोघांची इच्छा आहे. दोघांची असे मुद्दाम लिहिते. हा लेख छापायला देण्याआधी मी यांना वाचून दाखवला. दोन ठिकाणी यांनी मान हलवून नाही म्हटले, आणि ती दोन वाक्ये मी काढून टाकली आहेत.