सड्यावरची चुन्याची घरं

लग्न होऊन मी किनाऱ्यावरच्या त्या वाडीत आले, तेव्हा समुद्र परसापर्यंत पोचला होता. दर पावसाळ्यात कुणाचा माड जाई, कुणाची पडवी. शेवटी सरकारनं ठरवलं की वाडी वर, सड्याच्या कातळमाळावर हलवायची. त्यासाठी देशावरचा एक तरुण ओवरसियर आला. देवळापुढं सगळ्यांना बसवून तो म्हणाला, "घरं तुमची आहेत. कुठं, कशी हवीत ते तुम्हीच सांगा."

एकेक जण उठून घरी गेला. माझे सासरे तांडेल; हयात गलबतावर गेलेली. घरी येऊन ते म्हणाले, "आजपातूर कोनी इचारलान आपल्याला? इचारतोय म्हंजे कायतरी घेनार. वर घरां देतील नि खालची वेळ बळकावतील." वेळ म्हणजे होड्या ओढून ठेवायचा आमचा वाळूचा किनारा.

वाडीतल्या सगळ्यांना ते पटलं. ओवरसियर चुन्याची पोती सड्यावर ठेवून गेला होता. ज्याला जिथं घर हवं तिथं त्यानं फक्कीनं आखावं, असं त्याचं सांगणं. पोत्यांना कुणी हात लावला नाही.

आणि एका सकाळी काळ्या कातळावर एक घर आखलेलं दिसलं. ओटी, माजघर, मागं चूल. जागा अशी निवडलेली की दारातून होड्या दिसाव्यात.

वाडीत आग लागल्यासारखं झालं. कोण फुटला? विहिरीवर बायका एकमेकींशी बोलेनात. मुंबईहून रजेवर आलेल्या शेजाऱ्यावर संशय गेला, कारण तो ओवरसियरबरोबर विडी ओढताना दिसला होता. त्याच्या बायकोला कुणी विस्तवही देईना. मीसुद्धा तिला पाहून मान फिरवली.

दोन दिवसांनी सासूबाई पाय धूत होत्या. टाचांच्या भेगांत पांढरं दिसलं. मी बघतेय हे त्यांनी पाहिलं.

"चूल खय येते ती बघितली नुसती," त्या म्हणाल्या. "आषाढात दर्या गाजतो नि रातभर जागी असतंय मी. तुझ्या मामंजींना झोप लागते."

संध्याकाळी ओवरसियरसमोरच्या बैठकीत शेजाऱ्यावर पुन्हा ओरडा सुरू झाला, तशा सासूबाई पुरुषांत जाऊन उभ्या राहिल्या. "त्याला बोलू नका. घर मी आखलंय. नि पान्याची बाव आमच्या दारात नको, मधी हवी. सगळ्यांना सारखी."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. ओवरसियरकडं वळून ते म्हणाले, "वर येऊ. पन वेळ आमचीच राहील, असा सगळ्यांम्होरं बोला."

तो म्हणाला, "ते माझ्या हातात नाही."

मला वाटलं, आता सगळं मोडणार. पण झालं उलटंच. 'हो' म्हणाला असता तर कुणी विश्वास ठेवला नसता. दुसऱ्या दिवसापासून बाया-पुरुष सड्यावर जाऊन भांडत, पुसत, पुन्हा आखत राहिले. शेजारणीकडं मी स्वतः विस्तव घेऊन गेले. तिनं तो घेतला, पण बस म्हणाली नाही.

पुढं घरं झाली, बावीला पाणीही लागलं. ओवरसियरची मात्र बदली झाली. एकटे सासरेच वर राहायला आले नाहीत. वेळ राखत होड्यांशेजारी खोप बांधून राहिले. "साहेब बरा होता," म्हणायचे, "पन बऱ्याची बदली होते."

दुपारी मी त्यांचं जेवण घेऊन उतरायचे. ताटाकडं न बघता ते आधी विचारायचे, "वर कोन नवा साहेब आलाय काय?"