खुर्चीतलं प्रेत आणि विंगेतले दाजी

मी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबला आहे. सँपल तपासायचं, रीडिंग बरोबर आलं तरच सही करायची... असल्या सवयीचा माणूस. त्यामुळे भूतबित, भास-आभास या गोष्टींची मी कायम टिंगलच केली. हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर आजही हसलो असतो.

दोन वर्षांपूर्वी नावडे कॉलनीतल्या आमच्या मंडळाने एक विनोदी नाटक बसवलं. प्रयोग रविवारी दुपारी चारला, खारघरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. गोष्ट अशी — नाटक चालू असताना मेकअप रूममध्ये हिरोचा खून होतो, आणि प्रयोग बंद पडू नये म्हणून बाकीचे नट ते प्रेत लपवत फिरतात. कधी कपाटात, कधी गॉगल लावून खुर्चीत. प्रेताचं काम माझ्या दाजींकडे, म्हणजे संगीताताईच्या नवऱ्याकडे. क्रेन ऑपरेटर, अंगाने भरलेला, महाविनोदी माणूस. मी डाव्या विंगेत, पडद्याच्या दोरीवर.

दुसऱ्या अंकात दाजींना स्टेजच्या मधोमध खुर्चीत बसवलं. इन्स्पेक्टर झालेला शेखर त्यांना जिवंत समजून प्रश्न विचारतो, असा सीन. हॉल नुसता खदखदत होता. ताई पहिल्या रांगेत, हसून हसून डोळे पुसत होती.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला. चांगला जड हात. वळून बघतो तर — दाजी! डोळ्यांवर गॉगल नाही, कपाळावर घाम.

“महेश, पडदा पाड रे. छातीत कसंतरी होतंय.”

“दाजी, तुम्ही इथे कसे?” मी ओरडलोच.

स्टेजकडे पाहिलं. दाजी खुर्चीतच होते. परत वळलो... विंगेत कुणी नाही. मागे सरळ भिंत, तिथून जायला वाटच नाही.

माझं ओरडणं हॉलभर ऐकू गेलं होतं. लोकांना वाटलं, नाटकातलंच वाक्य. टाळ्या पडल्या. मी दबक्या आवाजात म्हटलं, “शेखर, दाजींकडे बघ!” त्याला वाटलं, मला मस्ती सुचलीय. त्याने दाजींचा गाल थोपटला आणि स्वतःचं वाक्य घुसवलं, “साहेब, नाव सांगा, नाहीतर आत टाकीन!” दाजींची मान खाली पडली. पुन्हा हशा.

दोरी माझ्या हातात होती. ओढली की झालं. पण ओढून लोकांना सांगणार काय? खुर्चीतले दाजी मला विंगेत येऊन भेटले? भासच असेल, म्हटलं... आणि हात तसाच राहिला. तो सीन दहा-बारा मिनिटांचा. मी उभा होतो. नुसता उभा.

पडदा पडला तसा धावलो. गॉगल काढला. डोळे अर्धवट उघडे होते. “गाल गार लागला रे मला,” शेखर म्हणाला, “वाटलं, एसीमुळे असेल...”

एकाच्या गाडीतून हॉस्पिटल गाठलं. हार्ट अटॅक. डॉक्टर एवढंच म्हणाले, “थोडं आधी आणायला हवं होतं.”

तो भास होता, असं मी स्वतःला शंभरदा सांगितलंय. पण मग दाजींच्या छातीत दुखतंय, हे मला कसं कळलं? तो खांद्यावरचा हात कुणाचा?

दाजी गेल्यानंतरचा जलदान विधी झाला, पाहुणे गेले, आणि ताईने मला जवळ बसवलं.

“त्या दिवशी तू आतून ‘दाजी’ म्हणून ओरडलास. कुणाला रे?”

मी सगळं सांगितलं. वाटलं, मला वेड्यात काढेल, नाहीतर रडेल. तिने खरं-खोटं काहीच विचारलं नाही. माझ्या हातांकडे बघितलं.

“मग पाडायचा होतास ना पडदा,” ती म्हणाली.