मुकी खाण

वनमाला कामाला कुठं जाते असं कुणी विचारलं की तिचा नवरा गुणाजी सांगायचा, "कोळंबीच्या कारखान्यात." साफ खोटं. अंधेरीच्या त्या कारखान्यात पावसाळ्यात कोळंबी नावालाच असायची. यायची ती पोती, आणि पोत्यांत जिवंत बेडूक. भाताच्या खाचरांतून, तळ्यांतून पकडलेले. परदेशातल्या हॉटेलांत त्यांचे पाय खातात म्हणे. बायका पाय कापायच्या, सोलायच्या, मिठाच्या पाण्यात टाकायच्या. गिरणी संपात गेलेली, नवरा घरी बसलेला, पदरात दोन मुलं. अशा वेळी नाक मुरडायची चैन कुणाला परवडते?

कापण्याचं तिला फारसं काही वाटेना. भीती वाटायची ती त्या मिठाच्या पाण्याची. सोललेले पाय त्यात पडले की हलत. पोहल्यासारखे, जोडीजोडीनं. धड तिकडे टोपलीत आणि पाय इकडे कुठंतरी निघालेले. नव्या बायका किंचाळत, मग त्यांना सवय होई. वनमालाला झाली नाही. घरी बांगड्याला मीठ लावताना तिचा हात थबके आणि बांगडा हलतो की काय, बघत राही.

असल्फ्याला त्यांच्या चाळीमागे दगडाची जुनी खाण होती, पाण्यानं भरलेली. लग्न होऊन ती देवगडहून इथं आली तेव्हा पावसाळ्यात खाणीतले बेडूक असे ओरडत की चाळीत माणसांना एकमेकांशी बोलायलाही गळा ताणावा लागे. संप लांबला तसे चाळीतले बेकार पुरुष बत्त्या घेऊन खाणीत उतरले. पुढारी चंद्रप्रकाश, मागोमाग गुणाजी. बेडूक ओरडला की तो कुठं बसलाय ते कळतं, मग बत्ती मारायची आणि उचलायचा. दोन पावसाळ्यांत खाण रिकामी झाली. पाण्यावर डास घोंघावू लागले. शेजारच्या शांताबाईंची शुभा हिवतापानं अंथरुणाला खिळली, जेमतेम वाचली.

पण वनमालाची झोप उडवली ती त्या शांततेनं. पाऊस ओसरे, आणि त्यानंतर जे यायला हवं ते येत नसे. ती उठून बसे.

"झोप गे. काय आयकतंस?" गुणाजी कूस बदलत विचारी.

"काही नाही. तेच ऐकतेय."

मग तिनं चोरी सुरू केली. पोतं उघडलं की मुकादम सहदेव माल निवडायचा. मोठा बाजूला, लहान बाजूला. मोठ्याचा भाव वेगळा. वनमाला त्या मोठ्या ढिगातला एखादा उचलून जेवणाच्या डब्यात टाकी. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली. द्यायचं तर चांगलं द्यावं, असा तिचा हिशेब. मोठे, जाडजूड, पोटाचे. संध्याकाळी खाणीत उतरून डबा पाण्यात कलता करायचा. पुढच्या वर्षी खाण बोलेल, एवढंच तिला हवं होतं.

पुढच्या वर्षी खाण बोलली नाही.

बेडूक होते. तिन्हीसांजेला ती काठावर गेली की पाण्यातून डोळे वर येत, इथं दोन, तिथं दोन. तिच्याकडे बघत. हूं नाही की चूं नाही. तिनं आणखी आणून सोडले, तेही तसेच. त्याच्याही पुढच्या वर्षी तेच. मारून टाकलं असतं तर बरं होतं, असं तिला वाटू लागलं. हे काय, जिवंत ठेवले तर शाप दिल्यासारखे मुके बसलेत! ती खाणीकडे पाठ करून भांडी घासू लागली, तरी पाठीवर ते डोळे असायचेच.

शेवटी तिनं ॲग्नेसला सांगितलं. ॲग्नेस तिच्या शेजारी बसून पाय सोलायची. सासर मरोळ गावठाणात, माहेर गोराईला, भातशेतीवालं. ऐकून ती हसता हसता स्टुलावरून पडायची राहिली.

"अगो बाय, मोठे मोठे नेलंस? त्या सगल्या बायका! अंड्यांनी फुगलेल्या. बोंबलतो तो बाप्या, पिवला धमक असते तो. आमचे शेतात येऊन बघ."

"पिवळा मी पोत्यात कधी बघितला नाही."

"पोत्यात कोंडल्यावर तुझा तरी रंग राहेल?"

वनमालाला हसू आलं नाही. एवढी वर्षं तिनं खाणीत विधवा भरून ठेवल्या होत्या.

चूक कळली तीही नेमकी सत्त्याऐंशी साली. त्या वर्षी सरकारनं बेडकांचे पाय परदेशी पाठवायला बंदी केली. उशिरा सुचलं, पण सुचलं. कारखान्यात खरोखरची कोळंबी आली आणि पोती यायची बंद झाली. नर आता आणायचा कुठून?

पावसाळ्यात एका रविवारी ती ॲग्नेसबरोबर होडीनं गोराईला गेली. ॲग्नेसचा भाऊ इसिडोर बांधावर उभा होता. खाचरात पिवळेजर्द बेडूक गालफडं फुगवून बोंबलत होते. वनमाला ऐकतच राहिली.

"नाय देणार," इसिडोर म्हणाला. "पकडनारे येऊन गेले ते साली किड्यांनी माझा भात खाल्ला. आता बंदी झाली तर तू आलीस?"

"विकायला नको. सोडायला हवाय."

"सोडते रे ती," ॲग्नेस म्हणाली. "येडी हाय. घेऊ दे."

इसिडोरनं तिला आपादमस्तक न्याहाळलं. "माझे हातानं मी देनार नाय. तूच धर."

ती चिखलात उतरली. समोरचा पिवळा तिनं मागून अलगद धरला आणि त्यानं पाय झाडले. मुठीत, जोरात, अगदी त्या मिठाच्या पाण्यातल्यासारखे. तिचा हात आपोआप उघडला. हजारो पाय कापलेला हात, आणि त्यात एक बेडूक ठरेना! दुसराही निसटला. तिसऱ्या वेळी तिनं डोळे मिटले, दात आवळले, आणि तो पाय झाडत असतानाच त्याला पोटाशी धरला. साडीचा ओचा चिखलानं भरला. तेव्हा इसिडोरही खाचरात उतरला. आणखी एक त्यानं स्वतः पकडून तिच्या डब्यात टाकला.

दोघांना तिनं त्याच संध्याकाळी खाणीत सोडलं. चार दिवस काही नाही. मग दुपारी धो धो पाऊस झाला आणि तो थांबल्यावर खाणीतून एक हाक आली. जाड, घशातून ओढलेली. थोड्या वेळानं दुसरी.

गुणाजी दारात आला. "आयकलंस?"

ती काठाकडे धावलीसुद्धा होती. पण तिच्याआधी तिथं चंद्रप्रकाश उभा होता, काखेत पोतं.

"काय आवाज आहे यार! दोन तरी असतील, वैनी."

"बंदी आहे."

"बंदी परदेशाला ना? कुर्ल्याला एक हॉटेलवाला घेतो."

वनमाला त्याला ओलांडून पुढे गेली आणि गुडघाभर पाण्यात उभी राहिली. तो हसला, काठाकाठानं पलीकडे जाऊ लागला, तर तिच्यामागून निघालेला गुणाजी पलीकडे येऊन बसलेला. बिडी पेटवत होता. तो उठलाही नाही.

"घरी जा, चंद्रप्रकाश."

"तू रे? तूच तर..."

"म्हायत आसा. जा."

चंद्रप्रकाश शिव्या घालत गेला. उद्या पुन्हा येईल, हे तिघांनाही माहीत होतं. नर पुन्हा ओरडला, कपारीच्या डाव्या अंगाला, अगदी बोट दाखवल्यासारखा नेमका. वनमाला पाण्यात वाकली आणि त्या बाजूला कुजबुजली, "हळू रे बाबा. हळू."