विहीणबाई, हिवरखेडचे रोडगे आणि माझं इंग्लिश

हिवरखेडला माझ्या माहेरी आम्ही चौघं जाणार होतो. निघायच्या दिवशी सकाळीच माझ्या होणाऱ्या सुनेचं, क्लेअरचं, पोट बिघडलं आणि मुलगा तिच्याजवळ थांबला. उरलो आम्ही दोघी विहिणी. लेकीच्या लग्नासाठी आयर्लंडहून अमरावतीला आलेल्या नोराबाई, आणि सरकारी कचेरीतून रिटायर होऊन इंग्लिश संभाषणाच्या क्लासला जाणारी मी.

क्लास हौसेने लावला नव्हता. दोघं लग्नानंतर इथेच राहणार म्हटल्यावर नोराबाईंनी मुलाला विचारलं होतं, "तुझ्या घरी माझी मुलगी बोलेल कोणाशी?" ते मला झोंबलं होतं.

"आई, जमेल?" मुलाने विचारलं.

"व्हाय नॉट," मी म्हणाले. हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

अमरावती ते अकोला रस्ता आता लोण्यासारखा आहे, दोनेक तासांत पोचता. एसटी आहे, रेल्वे आहे, पण पुढे हिवरखेड करून त्याच दिवशी परतायचं तर गाडी दिवसभरासाठीच ठरवावी आणि टोल कोणी भरायचा ते आधी बोलून घ्यावं. आम्ही मूर्तिजापूरला चहाला थांबलो. आलुबोंडा गरम होता. नोराबाईंनी एक खाल्ला. मी दुसरा पुढे केला तर हसून म्हणाल्या, "आय ॲम गुड."

बाई आपणहून तब्येत सांगतात, याचा मला आनंद झाला. "व्हेरी गुड," मी म्हणाले आणि बोंडा त्यांच्या प्लेटमध्ये ठेवला.

अकोल्यात जठारपेठेत माझी बहीण मंदा राहते. तिने पुरणपोळी, कढी, वांग्याची भाजी असा घाट घातला होता. दुसऱ्या पोळीला नोराबाई पुन्हा म्हणाल्या, "आय ॲम गुड."

"काय म्हणून राहिल्या त्या?" मंदाने विचारलं.

"बरं वाटून राहिलं म्हणते. वाढ."

मंदाने पोळी वाढली, वर तुपाची धार धरली. शेवटच्या वेळी नोराबाई ते जरा मोठ्याने म्हणाल्या. मला वाटलं, पुरण फारच आवडलेलं दिसतं.

मग हिवरखेडसाठी अकोटच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे वेचणीला आलेली कपाशी होती. मी "कॉटन" म्हणून दाखवलं. नोराबाईंनी मानही हलवली नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "कॅन वी पुल ओव्हर?"

पुलोव्हर म्हणजे स्वेटर, हे मला ठाऊक होतं. मी ड्रायव्हरला सांगितलं, "रफिकभाई, एसी बंद करा, बाईले थंडी वाजून राहिली." माझी शाल त्यांच्या अंगावर घातली.

"नो. पुल ओव्हर, प्लीज."

एसी बंद झाल्यावर रफिकभाईंनी उघडलेल्या काचा मी वर करायला लावल्या आणि नोराबाईंच्या कानाला रुमालही गुंडाळला. शेवटी त्यांनी मला कळेल असा शब्द निवडला. "स्टॉप."

तुरीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, त्यांना उलटी झाली. मी पाठ चोळत होते. लग्न तोंडावर, आणि मुलीच्या आईला मी आजारी पाडलं होतं. त्यांनी चूळ भरल्यावर मी विचारलं, "यू सेड यू आर गुड. मेनी टाइम्स."

 त्या खाली बसून पोट धरून हसायला लागल्या. पुढ्यात ताट असल्यासारखा हात आडवा धरून त्यांनी दाखवलं, "आय ॲम गुड. नो मोअर."

"देन व्हाय यू ईट?"

त्यांनी सावकाश सांगितलं. क्लेअरने बजावलं होतं, माझ्या सासरी वाढलेलं नाकारू नकोस. आणि म्हणाल्या, मला तुमची भीती वाटत होती.

माझी कधी कोणाला भीती वाटली असेल हे मला नवीनच होतं. "मी टू," मी म्हणाले. "ऑफ यू."

हिवरखेडला वहिनी दारात उभी होती. तिने "जय भीम" म्हटलं, नोराबाई "जे बीम" म्हणाल्या, इथवर छान झालं. तिने आम्हाला मळ्यात नेऊन बसवलं, तिथे गोवऱ्यांच्या आरात सकाळपासून रोडगे लावले होते. कणकेचे ते गोळे भाजायला अर्धा दिवस जातो. मी म्हणाले, "वहिनी, यायले काही वाढू नको."

वहिनीचा चेहरा उतरला. "काहून? आमच्या हातचं चालत नाही का त्यायले?"

हा प्रश्न आमच्या घरात साधा नाही. आमच्या घरचं पाणी न पिणारी माणसं वहिनीने लहानपणी पाहिली आहेत. नोराबाईंनी मला विचारलं, काय म्हणतात? क्लासमध्ये यासाठी काहीच शिकवलेलं नव्हतं. मी म्हणाले, "बिफोर, पीपल नॉट ईट फ्रॉम अवर हँड. शी थिंक्स, यू ऑल्सो."

नोराबाई उठल्या, वहिनीशेजारी खाली बसल्या. रोडग्याचा बोटभर तुकडा मोडून वरणात बुडवला आणि हळूहळू खाल्ला. मग ताटावर हात आडवा धरून म्हणाल्या, "आय ॲम गुड."

"पोट भरलं म्हणते," मी सांगितलं.

"एका घासात?"

मग मी सकाळपासूनची सगळी कथा सांगितली, पुलोव्हरसकट. वहिनी पदर तोंडाला लावून इतकी हसली की रोडगे करपायला आले. निघताना तिने नोराबाईंना ताक दिलं, बाकीचे रोडगे डब्यात बांधले. परतीच्या वाटेवर नोराबाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. मी अकोल्यापर्यंत हललेही नाही.

तुम्ही जाणार असाल तर थंडीत जा, आणि सकाळी उपाशी निघा. क्लास मी सोडलेला नाही, सर अजून माझी क्रियापदं सुधारतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ओट्यावर उन्हात बसलो होतो. बोलणं फारसं चाललं नव्हतं. मुलगा दुभाष्या व्हायला लगबगीने आला. "काही सांगायचंय का एकमेकींना?"

"वी आर ग्रँड," नोराबाई हात आडवा धरून म्हणाल्या.

ग्रँड म्हणजे भव्य. आम्ही दोघी भव्य आहोत, असं काहीतरी त्या म्हणाल्या. अर्थ चुकलाही असेल. मी मुलाला विचारलं नाही.