कपांना कान जोडणारी एनिड

एनिड मेचिनने इंग्लंडातल्या स्टोक गावी, कपबशांच्या कारखान्यात एकतीस वर्षं कपांना कान जोडले. ओल्या मातीचा कान पातळ चिखलात बुडवायचा, कपाला टेकवायचा, अंगठ्याने हलकेच दाबायचा. दिवसाला हजार-बाराशे. शेजारच्या बाकावर मी. माझ्या हातापेक्षा माझं तोंड जास्त चालायचं, हे कबूल करते.

कारखान्याला टाळं लागलं तेव्हा ती सेहेचाळीसची होती. पुढे तिने शाळेत भांडी घासली, दुकानात उभी राहिली, पण पुन्हा एकदा ओल्या कपाला कान जोडायचा हा ध्यास काही सुटला नाही. त्याला खतपाणी घातलं आमच्या खासदाराने. डेरेक टनिक्लिफ, आमच्याबरोबर कप रंगवणाऱ्या मेव्हिसचा मुलगा. निवडून आला तेव्हा म्हणाला, "एनिडमावशी, आधी बंद पडलेलं स्टेशन उघडतो. गाडी आली की मागोमाग कारखाने येतील बघ."

एकोणीस वर्षं तो पार्लमेंटात तेच दळण दळत राहिला. मंत्री बदलले, त्याचे केस गेले, एनिडचा विश्वास गेला नाही.

परवाच्या एप्रिलात स्टेशन उघडलं. बँड, ओटची धिरडी, चहा. चहा संपला तसे सगळ्यांनी कप उलटे केले. बुडावरचा कारखान्याचा शिक्का पाहिल्याशिवाय आमच्याकडे कुणी कप खाली ठेवत नाही. सगळे कप परदेशी निघाले.

"डेरेक, बाळा, ही गाडी काय परक्यांचे कप आणायला आणलीस?" एनिड म्हणाली.

लोक खो खो हसले. डेरेक तिच्या शेजारी येऊन बसला.

"मावशी, रूळ आणता आले. भट्टी नाही आणता आली गं."

"बरं. अजून कुठे कान जोडत असतील तर तिथे तरी जाते का तुझी गाडी?"

"जाते. चौथं स्टेशन. पण तिथे आपल्याला नुसतं बघता येतं."

"मग बघते मेल्या, तेवढं तरी!"

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी गेलो. त्या कारखान्यात काचेपलीकडे बाया कपांना कान जोडत होत्या. एका पोरीने बसवलेला कान जरा कलला. एनिडचा अंगठा आपसूक पुढे गेला आणि काचेवर आपटला. पोरीला वाटलं, म्हातारी हात करतेय. तिनेही हसून हात हलवला.

परतीच्या गाडीची वेळ झाली तरी एनिड हलेना, आणि मलाही तिला चल म्हणवेना.