तांदूळ वाढला

आमचा आंबेमोहोर वेल्ह्याकडच्या खाचरातला. पानशेतला फिरायला येणारे पुणेकर जाताना घेऊन जात आणि पुढं फोन करून मागवत. पीक थोडं, गिऱ्हाईक ओळखीचं, एवढाच धंदा.

माझ्या दिराची मुलगी पुण्यात शिकली, लग्न होऊन भोरला आली. तिथं तिनं घरी बसून वेबसाइट बनवायचं काम सुरू केलं. पहिलं गिऱ्हाईक मी, कारण दुसरं कोणी मिळेना.

वेबसाइट तयार प्लॅटफॉर्मवर उभी करतात, असं तिनं समजावलं. एका प्लॅटफॉर्मवर नुसतं पान होतं. फोटो, माहिती, फोन नंबर. दुसऱ्यावर अख्खं दुकान. गिऱ्हाइकानं माल निवडून तिथंच पैसे भरायचे आणि शिल्लक किती ते आपण कळवत राहायचं.

मी म्हणाले, "मला फोन उचलता येतो. पान बास."

"काकू, पहिलंच काम आहे, जरा दिसण्यासारखं होऊ द्या."

ते दाखवून तिला पुढची कामं मिळवायची होती. दुकान झालं. देखणं होतं, खोटं कशाला बोलू.

शिमग्यापर्यंत कणगी रिकामी झाली. घरातलं धान्य संपलं असं आम्ही तोंडानं म्हणत नाही, वाढलं म्हणतो. तसाच मी मोबाईलवर निरोप धाडला, तांदूळ वाढला. तिला वाटलं, आणखी आला. तिनं दुकानातली शिल्लक चढवली.

मागण्या आल्या, पैसे आले, द्यायला दाणा नव्हता. मी फोन लावला.

"अगं, तांदूळ वाढला म्हनलं न्हवं तुला?"

"म्हणून तर शिल्लक वाढवली, काकू."

"आईनं एवढंबी शिकवलं न्हाई व्हय?"

मग तिनं एकेकाला फोन करून पैसे परत केले, बोलणी खाल्ली. माझी जुनी गिऱ्हाइकं ऐकून हसली आणि पुढच्या भाताला परत आली. नसरापूरचा एक दुकानदार तिला काम देणार होता, त्याच्या कानावर हे गेलं आणि तो फिरकलाच नाही. तिनं दुकान काढून टाकलं, वेबसाइटचं कामच सोडलं. आता एका ऑफिसात टायपिंग करते.

दिवाळीत आली तेव्हा म्हटलं, ते एक पान तरी करून दे.

"नको काकू. दुसऱ्या कुणाला सांगा."

तिचा हात चांगला होता. दुसऱ्या कुणाला मी सांगितलं नाही. माझं फोनवर भागतं. तिचं त्या ऑफिसात भागत नाही. ती बोलत नाही, पण दिसतं.